डोंगर, बंदर आणि भट्टी

(रास अल खैमा येथील मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



विषय रुक्ष आहे आणि जेवणाची वेळ जवळ आली आहे, तेव्हा थेट मुद्द्यावर येतो.

आपण ज्या अमिरातीत राहतो तिच्याकडे अबू धाबीसारखे तेल नाही. आहेत ते चुनखडीचे डोंगर. शेख सक्र यांच्या दीर्घ कारकिर्दीत (१९४८ ते २०१०) इथे खडी आणि सिमेंटचे कारखाने उभे राहिले. १९८० मध्ये जुल्फार ही औषध कंपनी आली, १९८९ मध्ये राक सिरॅमिक्स. माल बाहेर जायला खोर ख्वैरचे सक्र बंदर होतेच. २००० साली फ्री झोन निघाला आणि २०१७ मध्ये सगळा कारभार 'राकेझ'च्या एका छत्राखाली आला. परवाना, जमीन, कामगारांची वसाहत, सगळे एकाच दारात. महाराष्ट्रात उद्योजकाला किती दारे ठोठवावी लागतात ते इथल्या अनेकांना ठाऊक आहे, त्यामुळे हे पाहून आपले डोळे दिपतात. माझेही दिपले होते.

पण शेजारी शेजारी प्लॉट असले म्हणजे क्लस्टर होत नाही. आल्फ्रेड मार्शल या अर्थशास्त्रज्ञाने १८९० मध्येच लिहून ठेवले की, एखादा धंदा एका गावात रुजला की त्यातली कौशल्ये गावभर पसरतात, पोरांनाही नकळत येतात. आमच्या कोल्हापूरला हे डोळ्यांनी दिसते. उद्यमनगरात एक जण पॅटर्न बनवतो, दुसरा ओतकाम करतो, तिसरा लेथवर मशिनिंग करतो. कालचा मोल्डर चार वर्षांनी स्वतःची भट्टी टाकतो. इथे हे घडत नाही. भट्टीवरच्या माणसाचा व्हिसा नोकरीला बांधलेला. वीस वर्षांत शिकलेले सारे तो बॅगेत भरून गावी घेऊन जातो. कामगार संघटना तर काढताच येत नाही.

मग आपल्याकडचे सगळे छान का? मुळीच नाही. कोल्हापूर, इचलकरंजी ही गावे सरकारी योजनेतून झालेली नाहीत, योजना मागाहून आल्या. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, तिने जमीन, पाणी, रस्ते दिले. क्लस्टरचा विचार केंद्राने २००३ च्या योजनेत केला: प्रकल्पखर्चाच्या ७५ टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त ५० कोटी रुपये अनुदान. पिंपरी-चिंचवडच्या ऑटो क्लस्टरला आणि इचलकरंजीच्या कापड उद्योगाला त्याचा लाभ झाला. लघुउद्योगांसाठीच्या वेगळ्या योजनेतून सामायिक सुविधा केंद्रे निघाली. कल्पना उत्तम आहे. छोट्या फौंड्रीला धातू तपासायचा स्पेक्ट्रोमीटर एकट्याने परवडत नाही, शंभर जणांना मिळून परवडतो.

अडचण अटीत आहे. उद्योजकांनी मिळून कंपनी काढायची आणि आपला वाटा आधी भरायचा. वाटा कोण भरू शकतो? ज्याच्याकडे आधीच आहे तो. व्यापाऱ्याकडून सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देणारा चार मागांचा मालक त्या कंपनीत नसतो, आणि मागावर उभा राहणारा कामगार तर अर्जाच्या नमुन्यातही नसतो. २०१३ च्या सुरुवातीला इचलकरंजीत मजुरीवाढीसाठी माग बंद ठेवावे लागले, ते कापड गावाला अनुदान मिळाल्यानंतर. निदान तिथे माग बंद ठेवता येतात, एवढाच फरक.

आणखी एक गोष्ट, जिच्यामुळे मला थोडे अवघडल्यासारखे होते. २०२० मध्ये आखाती देशांनी भारत आणि चीनच्या फरशांवर अँटी-डम्पिंग शुल्क लावले. भारतातून येणारी बहुतेक फरशी मोरबीची, शेकडो छोट्यामोठ्या कारखान्यांची. म्हणजे इथल्या भट्ट्यांचे रक्षण झाले ते मोरबीच्या भट्ट्यांपासून, आणि इथल्या भट्ट्या राखणारे आपणच. दोष कोणाला द्यावा ते मला सांगता येणार नाही. सगळीच सरकारे आपापले कारखाने सांभाळतात.

माझे मागणे छोटे आहे. आपल्यात भट्टी, साचे, दर्जा-तपासणी यांतले जाणकार आहेत. पुढच्या सुट्टीत आपापल्या जिल्ह्यातल्या एका सुविधा केंद्रात जाऊन या. यंत्र चालू आहे का, तपासणीचा दर काय, संचालकांमध्ये छोटा कारखानदार किती, कामगारांचा कोणी आहे का, एवढे विचारा आणि दोन पाने लिहून आणा. पुढच्या बैठकीत ती वाचू.