गळ्यातून गळ्यात



भास्करबुवा बखले यांचा आवाज आज कुठेही ऐकायला मिळत नाही. बुवा १९२२ साली गेले. तोवर ध्वनिमुद्रिका हिंदुस्थानात येऊन वीस वर्षे झाली होती. कलकत्त्याच्या गौहर जान यांनी १९०२ मध्येच आपले गाणे तबकडीवर उतरवले होते. बुवांची मात्र एकही तबकडी नाही. ज्यांनी त्यांना ऐकले ती माणसेही काळाआड गेली. तरी 'स्वयंवर' नाटकातले एखादे पद कोणी गायला घेतले, की बुवा तिथे हजर असतात. १९१६ साली रंगभूमीवर आलेल्या त्या नाटकाच्या चाली त्यांच्या. गाणारे होते त्यांचे शिष्य बालगंधर्व. शंभर वर्षे उलटून गेली, गाणारे बदलले, थिएटरे बदलली, पण चाल तीच राहिली. पुण्यात बुवांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या भारत गायन समाजात मुले-मुली अजूनही तानपुरा जुळवून बसतात.

आजच्या कलावंतांपैकी पुढे कोणाची दंतकथा होईल, हा प्रश्न मैफलीच्या मध्यंतरात चहाचा कप हातात असताना हमखास निघतो. मग कोणी पुरस्कार मोजतो, कोणी यूट्यूबवरचे आकडे सांगतो, कोणी तिकिटाचा दर. भास्करबुवांकडे यातले काहीच नव्हते. त्यांच्याकडे शिष्य होते आणि चाली होत्या.

जयपूर घराण्याचे अल्लादिया खाँसाहेब हेही तसेच. कोल्हापूर दरबारचे हे गायक १९४६ साली वारले. त्यांच्या गाण्याचाही खात्रीलायक ध्वनिमुद्रित ठेवा मागे राहिलेला नाही. पण त्यांच्या गायकीची पेचदार, दमसासाची चाल केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर या दोन गोमंतकीय शिष्यांच्या गळ्यात उतरली. मोगूबाईंकडून ती किशोरीताई आमोणकरांकडे आली आणि किशोरीताईंनी तिला स्वतःचे वळण दिले. केसरबाईंचे तर नवलच. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर ही दोन अंतराळयाने सोडली, तेव्हा पृथ्वीवरच्या संगीताची ओळख म्हणून एक सोनेरी तबकडी त्यांच्यासोबत पाठवली. भारतातून त्या तबकडीवर एकच गाणे गेले, ते केसरबाईंच्या भैरवीचे, जेमतेम साडेतीन मिनिटांचे. त्यांपैकी 'व्हॉयेजर १' सप्टेंबरच्या ५ तारखेला निघाले आणि १६ तारखेला केसरबाईंनी मुंबईत डोळे मिटले. गोव्यातल्या केरी गावात जन्मलेल्या बाईंचा आवाज आता सूर्यमालेच्या वेशीपलीकडे गेला आहे.

कोण टिकेल हे ठरवण्याचा अधिकार एकेकाळी सरकारनेही हातात घेऊन पाहिला. १९५२ मध्ये बाळकृष्ण केसकर माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. पुण्याचे, शास्त्रीय संगीताची मनापासून तळमळ असलेले हे गृहस्थ. त्यांच्या काळात चित्रपटगीते आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. श्रोत्यांनी काटा फिरवला तो थेट रेडिओ सिलोनवर. त्याच सुमारास तिथे अमीन सायानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि घराघरांत बुधवारची संध्याकाळ तिच्या नावाने राखून ठेवली जाऊ लागली. अखेर १९५७ साली विविध भारती सुरू करून आकाशवाणीने सिनेसंगीताला पुन्हा दार उघडले. ज्या गाण्यांना केसकरांनी हलके मानले, त्यातली कितीतरी आज अभिजात म्हणून ऐकली जातात. केसकरांच्या पदरात एक गोष्ट मात्र मोकळेपणाने टाकली पाहिजे. शास्त्रीय संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम त्यांच्याच कारकिर्दीत सुरू झाला आणि रेडिओमुळे कितीतरी बुजुर्गांचे गाणे फितीवर उतरले, नाहीतर त्यांची गतही भास्करबुवांच्या आवाजासारखी झाली असती.

याच आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी, 'गीतरामायणा'चे पहिले गीत ऐकू आले. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाली सुधीर फडक्यांच्या. केंद्रावरच्या सीताकांत लाड यांच्या मनातली कल्पना साधी होती: वर्षभर दर आठवड्याला एक नवे गीत. त्या वर्षी अधिक मास आला म्हणून बावन्नांची छप्पन्न झाली. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर अशा अनेकांनी त्यात आपापल्या भूमिका गायल्या. त्या वेळच्या कामकाजाच्या दृष्टीने पाहिले, तर ती एका केंद्राची साप्ताहिक मालिका होती. आठवडा संपायच्या आत गीत लिहून, चाल लावून, वादक जमवून ते हवेवर सोडायचे, इतकेच. या घाईतून पुढच्या पिढ्यांचे रामायण तयार होत आहे, असा दावा करून तिथे कोणी बसले नव्हते.

शिष्य आणि चाली या खुणा घेऊन आजच्यांकडे पाहिले, तर पहिले नाव जे पुढे येते ते जाहिरात-फलकांवर फारसे न दिसणारे आहे. पंडित उल्हास कशाळकर.

कशाळकर यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याचे. जन्म १९५५ चा. त्यांचे एक गुरू राम मराठे. मराठे शिकले मास्तर कृष्णरावांकडे आणि मास्तर कृष्णराव म्हणजे भास्करबुवांचे लाडके शिष्य. दुसरे गुरू गजाननबुवा जोशी. गायक आणि व्हायोलिनवादक. गजाननबुवांना घरातून ग्वाल्हेर गायकी मिळाली, आग्र्याची तालीम विलायत हुसेन खाँसाहेबांकडून आणि जयपूरची भूर्जी खाँसाहेबांकडून. हे भूर्जी खाँ अल्लादिया खाँसाहेबांचे चिरंजीव. म्हणजे ज्या दोन माणसांचे गाणे तबकडीवर नाही, त्या दोघांचे धागे पांढरकवड्याच्या या गळ्यात येऊन मिळतात. भास्करबुवांनीही हीच तीन घराणी आत्मसात केली होती. कशाळकर ग्वाल्हेरचा ख्याल मांडतात तेव्हा तो ग्वाल्हेरचाच असतो, जयपूरच्या रागात शिरतात तेव्हा तान त्या वळणाने जाते, आणि कुठेही ठिगळ दिसत नाही. रागाची बढत ऐकताना श्रोत्याला घाई वाटत नाही, कारण गाणाऱ्याला ती नसते.

मुंबई आकाशवाणीत काही वर्षे नोकरी केल्यावर ते नव्वदच्या दशकात कोलकात्याच्या आयटीसी संगीत रिसर्च अकादमीत गुरू म्हणून गेले. तिथे शिष्य गुरूच्या सहवासात राहून शिकतो. सकाळचा रियाज गुरूच्या कानांवर पडतो, चूक तिथल्या तिथे हटकली जाते. ओंकार दादरकर, शशांक मक्तेदार हे त्यांचे शिष्य आज स्वतः मैफली गाजवतात आणि पुढच्यांना शिकवतात. कशाळकरांचे नाव रिक्षावाल्याला माहीत असेलच असे नाही. भास्करबुवांचेही नसेल. पण २०७५ साली कोणी तरुण गायक तीन घराण्यांचा मेळ घालून बसला, तर तो ज्या वाटेने तिथे पोहोचला ती याच माणसाच्या अंगणातून गेलेली असण्याची शक्यता मोठी आहे.

असेच दुसरे नाव धारवाडच्या पंडित एम. वेंकटेश कुमारांचे. गदगच्या वीरेश्वर पुण्याश्रमात पुट्टराज गवईंच्या पायाशी त्यांनी अकरा-बारा वर्षे काढली आणि उभ्या देशाला त्यांची ओळख पटली तोवर पन्नाशी आली होती. पुण्याच्या 'सवाई गंधर्व' महोत्सवात त्यांचा आवाज लागला, की मंडपात चुळबुळ थांबते.

ए. आर. रहमान यांच्याबद्दल भाकीत करण्याची गरजच उरलेली नाही. १९९२ च्या 'रोजा'नंतर चित्रपटगीताचा ध्वनीच बदलला. आधीचे गाणे आणि नंतरचे गाणे कान लगेच ओळखतो. दोन ऑस्कर, सात राष्ट्रीय पुरस्कार हे त्यामागून आले. उस्ताद झाकीर हुसेन तर जिवंतपणीच दंतकथा झालेले. माहीमच्या गल्लीतून निघालेला हा माणूस फेब्रुवारी २०२४ मध्ये एकाच रात्री तीन ग्रॅमी घेऊन परतला आणि त्याच डिसेंबरात गेला. त्यांच्यामुळे तबलावादक मंचावर मागून पुढे आला, तो आता पुन्हा मागे जाणार नाही.

मराठी मुलखापुरते बोलायचे तर अजय-अतुल या भावांना टाळून पुढे जाता येत नाही. संबळ, हलगी, ढोल-ताशा ही वाद्ये आपल्याकडे जत्रेची, गोंधळाची, मिरवणुकीची. या दोघांनी ती भल्यामोठ्या पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या शेजारी मांडली आणि दोघांचाही मान राखला. २०१६ च्या 'सैराट'साठी त्यांनी हॉलिवूडमध्ये जाऊन सिंफनी वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. 'झिंगाट' वरातीत वाजत राहीलच. पण टिकण्याची खरी ताकद 'जोगवा' आणि 'नटरंग' यांत अधिक आहे. 'जोगवा'ने संगीत दिग्दर्शनाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळवले आणि त्यातल्या गाण्यासाठी हरिहरन आणि श्रेया घोषाल या दोघांनाही गायनाचे. लावणी, गोंधळ, जोगतिणींचे गाणे हे ज्यांच्या घरात नव्हते, त्या पोरांच्या तोंडी ते या चित्रपटांनी घातले.

एक धोका मात्र आहे. गाणे उरते आणि करणाऱ्याचे नाव गळून पडते. शाहीर साबळे यांनी गायलेले 'जय जय महाराष्ट्र माझा' २०२३ मध्ये राज्यगीत झाले. ते शाहिरांचे जन्मशताब्दी वर्ष. आज शाळाशाळांत ते म्हटले जाते. शब्द राजा बढे यांचे आणि चाल श्रीनिवास खळे यांची, हे त्यातल्या किती शिक्षकांना सांगता येईल? शाहिरांवरच्या चित्रपटाला संगीत अजय-अतुल यांचे होते. साबळ्यांना आपल्या काळातल्या मुलांपर्यंत आणणाऱ्या या दोघांची नावे त्यांच्या गाण्यांबरोबर राहावीत, एवढी काळजी आपण घ्यायला हवी. रेडिओवर गाण्याआधी गीतकार-संगीतकारांची नावे सांगण्याची जी पद्धत आहे, ती याचसाठी मोलाची.

राहुल देशपांडे, महेश काळे, आनंद भाटे यांची जागा थोडी वेगळी. वसंतराव देशपांडे १९८३ मध्ये गेले तेव्हा त्यांचा नातू राहुल चार वर्षांचाही नव्हता. त्याने आजोबांचे गाणे ध्वनिमुद्रणांतून आणि गुरूंकडून वेचून घेतले, 'मी वसंतराव'मध्ये आजोबांची भूमिका केली आणि त्यातल्या गायनासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. महेश काळे यांना तो 'कट्यार काळजात घुसली'साठी मिळाला, आनंद भाटे यांना 'बालगंधर्व'साठी. नाट्यसंगीत ऐकायला विशीतली मुले पुन्हा रांगा लावू लागली, हे या तिघांचे मोठे उपकार. पण तिन्ही पुरस्कार आठवून पाहा: वसंतराव, अभिषेकीबुवांची 'कट्यार', बालगंधर्व. तिन्ही वेळा मोठी सावली आधीच्या पिढीची आहे. त्यांच्या स्वतःच्या गळ्यासाठी नवे नाटक, नवी पदे आज कोण लिहिते आहे? भास्करबुवांना 'स्वयंवर' मिळाले, वसंतरावांना १९६७ मध्ये 'कट्यार' नाटकातल्या खाँसाहेबांची भूमिका मिळाली. या तिघांना त्यांचे 'स्वयंवर' मिळाले पाहिजे. त्यांचे गाणे त्या योग्यतेचे आहे.

आणि एक दालन असे, जिथे समीक्षक क्वचितच फिरकतात. वामनदादा कर्डक १९२२ साली नाशिक जिल्ह्यातल्या देशवंडीत जन्मले आणि २००४ मध्ये गेले. भीमगीतांचा हा कवी-गायक वस्त्यावस्त्यांतून गात हिंडला, हजारो गाणी लिहीत गेला. त्याच २००४ मध्ये प्रल्हाद शिंदे गेले. विठ्ठलाची गाणी आणि भीमगीते एकाच पहाडी आवाजात गाणारा हा माणूस. आषाढी जवळ आली, की त्यांच्या आवाजाशिवाय एसटी स्टँडवरची सकाळ होत नाही. मुलगा आनंद, नातू आदर्श असा हा गळा तिसऱ्या पिढीत पोहोचला आहे. आता छत्रपती संभाजीनगरच्या कडुबाई खरात हातात एकतारी घेऊन गातात. कुठल्या संगीत विद्यालयाचा शिक्का नाही, पाठीशी कंपनी नाही; कोणीतरी मोबाईलवर टिपलेले गाणे दुसऱ्याला पाठवले, त्याने तिसऱ्याला, आणि बाई महाराष्ट्रभर पोहोचल्या. त्यांच्या आवाजात जो कोरडा, उघड्यावरचा करारीपणा आहे, तो स्टुडिओत तयार होत नाही.

१४ एप्रिलच्या, म्हणजे आंबेडकर जयंतीच्या, आदल्या रात्री बारा वाजता कुठल्याही गावातल्या भीमनगरात गेले, तर ट्रॉलीवर लावलेल्या कर्ण्यातून कडुबाई ऐकू येतात. कर्णा थांबला, की पोरे-पोरी तोंडाने वामनदादा गातात. त्यांना कधीही न पाहिलेली, ते गेल्यानंतर जन्मलेली पोरे-पोरी, कागद समोर न धरता, कडव्यामागून कडवे.