हात वर न करणारी मुलं

(मंडळाच्या मराठी शाळेच्या पालक-मेळाव्यात केलेलं भाषण. बोलले तसंच, थोडंसं नीटनेटकं करून.)



चहा घेऊन बसलात ना? मग सुरुवात करते. मला सांगितलंय, "वर्गात इंटरनेटवरची साधनं कशी वापरता ते सांगा, पण दहा मिनिटांत." अहो, मला दहा मिनिटं हजेरी घ्यायलाच लागतात! तरी प्रयत्न करते.

आमचा रविवारचा वर्ग तुम्हाला माहीत आहेच. १४ मुलं, वयं ९ ते १२, वेळ दीड तास. मी प्रश्न विचारला की ठरलेले तीन हात वर जातात. उरलेली ११ मुलं आपापल्या बुटांच्या नाड्या न्याहाळत बसतात. कित्येक वर्षं मी समजत होते की या मुलांना येत नाही. तशी समजूत करून घेणं सोपं असतं.

मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७०च्या दशकात वर्गांतल्या संभाषणांचा अभ्यास केला. त्यांना आढळलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात. तेच तीन सेकंद थांबले, तर उत्तरं मोठी होतात आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलतात. आता आपल्या मुलांचं बघा. प्रश्न मराठीत ऐकायचा, विचार इंग्रजीत करायचा, परत मराठीत आणायचा आणि वर "कोणी हसणार तर नाही ना?" ही धास्ती. तेवढ्यात पहिल्या बाकावरचा पठ्ठ्या उत्तर देऊन मोकळा!

म्हणून मी पॅडलेट वापरायला लागले. पॅडलेट म्हणजे इंटरनेटवरची एक भिंत. मी वर प्रश्न लिहिते, मुलं टॅब्लेटवर क्यूआर कोड टिपतात आणि प्रत्येक जण आपली चिठ्ठी भिंतीवर चिकटवतो. मुलांना खातं उघडावं लागत नाही. सगळ्या चिठ्ठ्या मोठ्या पडद्यावर दिसतात. देवनागरी टाइप करता येत नसेल, तर फोनशी मराठीत बोलायचं, तो लिहून देतो. गुगलने ही सोय मराठीसाठी २०१७ मध्ये आणली.

दुसरं साधन मेंटीमीटर. त्यात मुलांनी पाठवलेल्या शब्दांचा ढग तयार होतो. जो शब्द जास्त मुलांनी लिहिला तो मोठा दिसतो. "दिवाळी म्हटलं की काय आठवतं?" असं विचारलं. मला वाटलं, 'फराळ' भला मोठा येणार. तर ढगात तीन लहान लहान शब्द: 'फराळ', 'फराल' आणि 'फराड'! यंत्राला बिचाऱ्याला काय कळणार की हे एकच ताट आहे? मग मुलांनीच वाद घातला, खरा कुठला? 'ळ'चा इतका मन लावून सराव माझ्या वर्गात कधीच झाला नव्हता.

सगळं छान छानच झालं असं समजू नका. सुरुवातीला मी भिंत निनावी ठेवली होती. एका मुलाने मोडक्यातोडक्या मराठीत चार ओळी लिहिल्या आणि खाली कोणीतरी चिठ्ठी लावली, "तुझं मराठी बेबीसारखं आहे." मोठ्या पडद्यावर, सगळ्यांसमोर. मी पुसेपर्यंत सगळ्यांनी वाचलं होतं. पुढचे दोन रविवार तो मुलगा आला नाही. दोष साधनाचा नव्हता, माझा होता. चिठ्ठी आधी शिक्षकाने वाचायची आणि मगच भिंतीवर येऊ द्यायची, ही सोय तिथे होती. मी ती सुरूच केली नव्हती. मी त्याच्या घरी जाऊन माफी मागितली. त्यानंतर नियम केला: प्रत्येकाला एक नंबर, कोणाचा कुठला ते फक्त माझ्या वहीत. चिठ्ठीवर नंबर हवाच. मुलांची नावं आणि फोटो भिंतीवर नाहीत. शिवाय १३ वर्षांखालच्या मुलांची माहिती ऑनलाइन गोळा करण्याबद्दल अमेरिकेत १९९८चा कायदा आहे, म्हणून तुमची लेखी परवानगीही घेते. तो फॉर्म न वाचता सही करू नका बरं!

आता ज्यासाठी मी आज उभी आहे ते सांगते. मागच्या हिवाळ्यात मी भिंतीवर प्रश्न टाकला, "मराठीतली कुठली गोष्ट तुम्हाला अवघड वाटते?" मला वाटलं होतं, जोडाक्षरं येतील, नाहीतर आकडे. पहिल्या दोन-तीन चिठ्ठ्या तशाच होत्या. मग ९ नंबरची आली. वर्गात कधी तोंड न उघडणारी मुलगी. तिने लिहिलं होतं, "आजी फोनवर काय बोलते ते मला समजत नाही. मी फक्त हो हो म्हणते."

वर्ग एकदम शांत झाला. आणि मग भिंतीवर चिठ्ठ्या येऊ लागल्या. "मी पण." "मी पण." "मी फोन आईला देतो." एकूण आठ! ठरलेल्या तीन हातांपैकीही एक त्यात होता.

त्या दिवशीचा धडा मी बाजूला ठेवला. पुढच्या रविवारी प्रत्येकाने आजी-आजोबांचं न कळलेलं एक वाक्य आणायचं ठरलं. काय काय आलं! "वाळलीस गं बाई." मुलीला वाटलं, आजी कपड्यांबद्दल बोलतेय. "दृष्ट काढून टाक त्याची." मुलाला वाटलं, डोळ्यांचं ऑपरेशन! आम्ही हसलो, अर्थ लिहिले, उत्तरं काय द्यायची ते जोडीजोडीने बोलून पाहिलं. भिंतीवर आवाजही ठेवता येतो, म्हणून काही आज्यांनी तिकडून वाक्यं बोलून पाठवली. आता ९ नंबर आजीला उलट विचारते, "आजी, वाळलीस म्हणजे बारीक झालीस ना?"

काही पालक म्हणतात, "घरी स्क्रीन, शाळेत स्क्रीन, इथेही तेच?" रास्त आहे. म्हणून दीड तासातली फक्त दहा मिनिटं टॅब्लेट, मग ते पालथे. भिंत बोलायला सुरुवात करून देते, बोलायचं तोंडानेच. आणि कुठल्याच साधनात जीव अडकवू नका. गुगलचा जॅमबोर्ड किती शाळांत होता, ३१ डिसेंबर २०२४ला तो बंद झाला. इंटरनेट नसेल तर कागदाच्या चिठ्ठ्या आणि लाडवाचा रिकामा डबा, तेही चालतं. महत्त्वाचं काय, तर प्रत्येकाला विचारायचं, थांबायचं आणि जे येईल ते सगळ्यांपुढे मानाने ठेवायचं.

शेवटी एकच मागणं. दिवाळीला भारतात फोन लावाल. मुलं दोन मिनिटं बोलून पळतील. ओरडू नका. फोन ठेवल्यावर जवळ बसवून हळूच विचारा, "आजीचं कुठलं वाक्य कळलं नाही?" आणि मग निदान तीन सेकंद थांबा.

फराळ सुरू झालाय, 'ळ'च म्हणा हं!