नोकरी सुटली तरी गाव सुटू नये



परदेशात इंग्रजी शिकवायला जाणाऱ्याने राहण्यासाठी शहर कोणते निवडावे, हा आजचा विषय आहे. कामगार संघटनेत हयात घालवलेल्या माणसाने हा विषय का घ्यावा, असे कोणाच्या मनात आले तर नवल नाही. त्याचे उत्तर सोपे आहे. शिक्षकाला आपण गुरुजी म्हणतो, त्याच्यापुढे हात जोडतो. पण परमुलखात वर्षाच्या करारावर, तासाच्या हिशेबाने शिकवणारा गुरुजी हा आधी पगारदार असतो आणि मग गुरुजी. पगारदाराने कोठे राहावे हा प्रश्न आमच्या चळवळीइतकाच जुना आहे. आमच्या सभासदांची शिकलेली मुले आता असे करार हातात घेऊन येतात आणि विचारतात, "काका, टोकियो बरे की ओसाका?" मी त्यांना उलट विचारतो, "बाळा, नोकरी सुटली तर दुसऱ्या रात्री कोठे झोपशील?"

विषय पसरट होऊ नये म्हणून मी जपान हा एकच देश घेतो. तेथे इंग्रजी शिकवणे हा मोठा धंदा आहे, आणि त्या धंद्याचे बरेवाईट सारे जगासमोर आलेले आहे.

शहर निवडताना माणसे सामान्यतः तीन गोष्टी पाहतात. पगार किती, गाव देखणे किती आणि आपली माणसे तेथे आहेत की नाहीत. तिन्ही गोष्टी पाहाव्यात. पण त्यांच्या आधी पाहण्याची गोष्ट वेगळीच आहे, आणि ती २००७ साली तिकडे चार हजार माणसांना फार महाग पडून कळली.

नोव्हा नावाची इंग्रजी वर्गांची एक प्रचंड कंपनी जपानात होती. १९८१ साली ओसाकात निघाली आणि वाढत वाढत देशातली सर्वांत मोठी झाली. रेल्वे स्टेशनालगत तिच्या शाखा. जून २००७ मध्ये विद्यार्थ्यांशी केलेल्या करारांतील लबाडीबद्दल सरकारने तिच्या व्यवहारावर अंशतः बंदी घातली. त्यानंतर पगार लांबू लागले, आणि ऑक्टोबर २००७ मध्ये कंपनी कोर्टाच्या दारात जाऊन उभी राहिली. सुमारे चार हजार परदेशी शिक्षक एका दिवसात रस्त्यावर आले.

कारखाना बंद पडणे आपल्याला नवीन नाही. पण येथे एक पेच निराळा होता. पुष्कळ शिक्षक कंपनीने भाड्याने घेतलेल्या घरांत राहत होते. घरभाडे कंपनी त्यांच्या पगारातून कापून घेई. मात्र अखेरच्या महिन्यांत ते घरमालकापर्यंत पोचलेच नव्हते. म्हणजे ज्याने भाडे भरले त्याच्याच दारावर घर खाली करण्याची नोटीस! पगार, घर आणि त्या देशात राहण्याचे कारण, तिन्ही एकाच मालकाच्या खुंटीला टांगलेली होती. खुंटी निखळली, आणि तिन्ही एकदम खाली आली. तेथील एका कामगार संघटनेने तेव्हा "शिकवणीच्या बदल्यात जेवण" असा उपक्रम काढला. पदवीधर शिक्षक धडा देत आणि पोटाला घेत.

यावरून मी जो नियम काढतो तो असा: ज्या शहरात नोकरी सोडूनही माणसाला राहता येते, तेच शहर राहण्याजोगे. जेथे नोकरी सुटताच गाव सुटते, ते गाव नव्हे, ती मालकाची वखार आहे.

आता हा नियम कसा लावून पाहायचा? पहिली गोष्ट घराची. जपानात भाड्याचे घर घेताना अनामत तर द्यावी लागतेच, पण पुष्कळ ठिकाणी "रेइकिन" म्हणून महिना-दोन महिन्यांच्या भाड्याइतकी रक्कम घरमालकाला नजराणा म्हणून द्यावी लागते. ती परत मिळत नाही. शिवाय जामीन पाहिजे. त्यातून माणूस परदेशी असला तर कित्येक मालक सरळ नाही म्हणतात. तेथील न्याय मंत्रालयानेच २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, घर शोधलेल्या परदेशी लोकांपैकी सुमारे चाळीस टक्क्यांना परकेपणामुळे नकार मिळाल्याचे दिसले. अशा वेळी कंपनी म्हणते, "या, घर आमचे आहे," आणि नवखा माणूस हुरळतो. पण यूआर नावाची सार्वजनिक गृहसंस्था तेथे आहे. तिच्या घरांना नजराणा नाही, जामीन नाही. उत्पन्नाची अट पुरी केली की झाले. अशी घरे ज्या शहरात नोकरीच्या पल्ल्यात आहेत, त्या शहराला मी पहिला गुण देतो.

टोकियोच्या एदोगावा भागात, निशिकासाईला, भारतीयांची मोठी वस्ती आहे, हे आपल्यापैकी काहींना ठाऊक असेल. २०१९ साली त्या भागाच्या सभेवर निवडून आलेले योगेंद्र पुराणिक हे आपल्याच महाराष्ट्रातले. ती वस्ती तेथेच का झाली? संगणकाच्या कामाला आलेल्या माणसांना कचेरीकडे जाणारी थेट रेल्वे मिळाली, आणि अडवणुकीवाचून भाड्याने मिळणारी यूआरची घरे मिळाली. आधी दार उघडे मिळाले, मग आपली माणसे जमली. म्हणून आपली माणसे कोठे आहेत हे विचारावे, पण ती तेथे का टिकली हेही विचारावे.

दुसरी गोष्ट परवान्याची. दक्षिण कोरियात खासगी वर्गात शिकवणाऱ्या परदेशी माणसाचा परवाना त्या मालकाशी बांधलेला असतो. कराराच्या मध्येच दुसरीकडे जायचे तर पहिल्या मालकाचे संमतिपत्र लागते. जपानात तसे नाही. परवाना माणसाचा असतो. मालक बदलला तर चौदा दिवसांत सरकारला कळवायचे, आणि काम त्याच वर्गातले असायला हवे. मात्र सबळ कारणावाचून तीन महिने त्या कामाशिवाय राहिल्यास परवाना रद्द होऊ शकतो. तेव्हा प्रश्न असा उरतो: तीन महिन्यांच्या आत त्या गावात दुसरा मालक भेटेल काय?

येथे भारतीय माणसाने आपली पायरी ओळखावी. शाळेत भाषा शिकवण्याच्या परवान्याला बारा वर्षे त्या भाषेतून शिक्षण झालेले लागते, आणि खासगी वर्गवाल्यांपैकी कित्येकांना गोऱ्या चेहऱ्याची हौस असते. हा अन्याय आहे, आणि तो अन्याय आहे असे म्हणत राहिले पाहिजे. पण निवड करताना तो हिशेबात धरावा लागतो. ज्याला दहांतली चारच दारे उघडतात, त्याने दहा दारांच्या गावात न जाता शंभर दारांच्या गावात जावे. टोकियो, ओसाका, नागोया यांचा उपयोग तो हा.

असे कोणी म्हणेल की मोठ्या शहरात भाड्यातच पगार जातो, लहान गाव बरे. यात तथ्य आहे. जपानात किमान वेतनही प्रांतागणिक निराळे: २०२४ च्या शरदातल्या दरांनुसार टोकियोत तासाला १,१६३ येन, तर उत्तरेकडील आकितात ९५१ येन. त्या मानाने घरभाड्यातला फरक कितीतरी मोठा असतो. सरकारच्या जेट योजनेतून, जी १९८७ साली सुरू झाली, शिक्षक बहुधा लहान गावीच जातात. पगार योजनेने ठरवलेला आणि पाठीशी स्थानिक सरकारी खाते. शहराबद्दलची इच्छा तेथे अर्जात लिहिता येते, पण ती पुरी होईलच असे नाही. अशा पक्क्या बांधणीची नोकरी असेल तर खुशाल खेड्यात जावे. शिल्लकही पडते आणि भाषाही येते. फक्त उत्तरेच्या थंडीत घर तापवण्याचे रॉकेल आणि आडगावी लागणारी मोटार, हे दोन खर्च आधी मांडावेत.

पण तेच गाव जर कंत्राटदारामार्फत मिळत असेल, तर दहादा विचार करावा. शाळा सरकारी, मुले सरकारी, आणि शिक्षक तेवढा मुकादमाचा, ही पद्धत तेथेही आहे. आठवड्याला साडेएकोणतीस तासांचे करार तेथे प्रसिद्ध होते. हा अर्धा तास कोठून आला? विम्याचा आणि निवृत्तिवेतनाचा बोजा तेव्हा पुऱ्या वेळेच्या कामगारासाठी मालकाला उचलावा लागे. तो टाळण्यासाठी तास तेवढे आखडून लिहायचे. आपल्याकडे वर्षानुवर्षे बदली म्हणून राबलेल्यांना ही युक्ती समजावून सांगावी लागणार नाही.

तिसरी गोष्ट संघटनेची, आणि ही मी सांगणारच. जपानचा श्रममान कायदा १९४७ चा आहे, आणि राष्ट्रीयत्वावरून कामगारात भेद करू नये असे तो स्पष्ट सांगतो. एकट्यादुकट्या माणसाला सभासद करून घेणाऱ्या प्रादेशिक संघटना तेथे आहेत, आणि त्यांनी बोलणी मागितली तर मालकाला सबळ कारणावाचून नकार देता येत नाही. ओसाकात जनरल युनियन ही संघटना १९९१ पासून परदेशी शिक्षकांत काम करते. कंपनी बुडाली तर थकलेल्या पगाराचा ऐंशी टक्क्यांपर्यंतचा भाग, ठरावीक मर्यादेत, सरकारी योजनेतून मिळू शकतो. नोव्हाच्या शिक्षकांना या तरतुदीचा आधार झाला. पण हक्क कागदावर असतो, आणि तो कागद वाचून दाखवणारा कोणी आगगाडीच्या पल्ल्यात असावा लागतो. म्हणून ओसाका माझ्या लेखी टोकियोच्या खालचे नाही: भाडे कमी, मालक पुष्कळ आणि संघटना गावातच.

हे शहाणपण आपल्या गिरणगावाला पुस्तकावाचून ठाऊक होते. बीडीडी चाळी १९२० च्या दशकात सरकारने बांधल्या. तेथील खोलीची किल्ली गिरणीमालकाच्या खिशात नव्हती. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला आणि कामगार महिनोन्‌महिने पाय रोवून उभे राहिले. त्या लढ्याचा शेवट आपण जाणतो. पण तितके दिवस तग धरता आला त्याला चाळीतली खोली, खानावळीतली उधारी आणि गावाकडची भाकरी हे आधार होते. ज्याची खोली मालकाची, त्याचा संप पहिल्याच संध्याकाळी संपतो.

तेव्हा करारावर सही करण्यापूर्वी चार प्रश्न कागदावर लिहावेत. घर कोणाच्या नावावर? परवाना कोणाच्या हातात? पायी किंवा रेल्वेने तासाभरात दुसरे किती मालक? आणि अडचणीत पहिल्या रात्री दार ठोठवावे असे कोण? यांची उत्तरे ज्या शहरात समाधानकारक मिळतील तेथे पगार दोन पैसे कमी असला तरी जावे. चेरीचा बहर त्या शहरातही येतो.

तुमची मुले दूर जाणार आहेत, जाऊ द्या. त्यांच्या पेटीत लोणच्याची बरणी भराल, तशीच परतीच्या तिकिटापुरती आणि दोन महिन्यांच्या भाड्याची स्वतंत्र रक्कमही बांधून द्या. ज्याच्या गाठीला ती आहे, तो मालकासमोर ताठ बसतो. आणि ताठ बसलेला माणूस वर्गातही चांगला शिकवतो.