भातवडीची लढाई आणि प्लॅस्टिकचे शिपाई

दिवाळी जवळ आली की आपल्या जिल्ह्यात अंगणोअंगणी मातीचे किल्ले उभे राहतात. किल्ला झाला की पुढे प्रश्न येतो शिपायांचा. कुंभाराकडचे मावळे आणावेत, की दुकानातली प्लॅस्टिकच्या शिपायांची पिशवी? शाळेत एखाद्या लढाईचा देखावा मांडू पाहणाऱ्या गुरुजींनाही हा प्रश्न पडतो. हा काही निव्वळ पोरखेळ नव्हे, बरं का. प्रशियाच्या सैन्यात १८२४ पासून अधिकारी नकाशावर ठोकळे मांडून लढाई शिकत असत.

मातीच्या मावळ्याचा पोशाख आपल्या मातीतला असतो, पण त्याच्या उंचीला धरबंध नाही. मावळा दरवाज्याहून उंच आणि घोडा बकरीएवढा! प्लॅस्टिकचे शिपाई निदान एका मापाचे असतात. जगभर दोन मापे विशेष चालतात. एक खऱ्या माणसाच्या बहात्तराव्या हिश्शाचे, म्हणजे इंचभर शिपाई. दुसरे बत्तिसाव्या हिश्शाचे, दोन इंचांहून थोडे मोठे. इंग्लंडच्या एअरफिक्स कंपनीने १९५९ साली लहान मापाचे शिपाई काढले. पाटावर फौज मांडायची तर तेच घ्यावेत; मागच्या बाकावरून दिसायला हवे असतील तर मोठे. मऊ प्लॅस्टिकवरचा रंग लवकर सुटतो, म्हणून आधी साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवावे. कडक प्लॅस्टिकवर रंग चांगला बसतो, पण तलवारी पटापट मोडतात.

आता स्वस्तातली पिशवी उघडून पाहा. आत निघतात टोपवाले, बंदूकधारी हिरवे शिपाई. नगरच्या रणगाडा संग्रहालयातल्या रणगाड्यांशेजारी ते शोभतील. भातवडीला त्यांचे काय काम?

भातवडी आपल्या नगरजवळचीच. १६२४ साली तिथे निजामशाहीचा मलिक अंबर एका बाजूला आणि मोगल व विजापूरकर मिळून दुसऱ्या बाजूला, असा सामना झाला. अंबराने तलावाचे पाणी सोडले. शत्रूच्या वाटेत चिखल झाला, रसद तुटली, छावणीवर छापे पडू लागले. उपाशी फौजेवर मग त्याने घाव घातला, आणि विजापूरचा सेनापती मुल्ला महंमद लारी मारला गेला. ही लढाई नुसत्या बंदूकवाल्यांनी कशी मांडणार? पैसे थोडे असतील तर पायदळ सोडा आणि घोडेस्वार घ्या. धान्याच्या गोण्यांना पोळ्याचे मातीचे लहान बैल चालतील. तलावासाठी परातीत मातीचा बांध घालावा आणि तो मुलांच्याच हाताने फोडवावा. चिखलात घोडा कसा रुततो हे मग सांगावे लागत नाही.

खरी अडचण रंगाची आहे. मुले विचारणारच, "गुरुजी, यातले आपले कोणते?" शहाजीराजे आणि त्यांचे बंधू शरीफजी अंबराकडून लढले, शरीफजी तिथेच कामी आले. शहाजीराजांचे सासरे लखुजी जाधवराव मोगलांकडे होते. आणि खुद्द अंबर हबशी, गुलाम म्हणून विकला गेलेला. इथे एकीकडे भगवा आणि दुसरीकडे हिरवा रंग दिला, तर मुलांना आपण खोटाच इतिहास शिकवला. माझे म्हणणे असे, की पागोटेवाले स्वार सगळीकडे सारखेच रंगवावेत आणि ओळखीपुरता पायाखालच्या चकतीला रंग द्यावा: निजामशाहीला पांढरा, मोगलांना पिवळा, विजापूरला निळा. जाधवरावांचा स्वार मात्र शहाजीराजांच्या स्वाराच्याच पेटीतून काढा.