ब्रेकची करकर आणि गटाची शिल्लक

आज बोलायचं आहे गाडीच्या ब्रेकबद्दल. ‘ते ड्रायव्हर बघतो’ म्हणून रेडिओ बंद करू नका. मीही तसंच म्हणायचे.

आमच्या गटाने एक जुनी व्हॅन घेतली. पापड-मसाले भरायचे, जुन्नरकडून माळशेज घाट उतरायचा आणि कल्याणला माल द्यायचा. श्रावणात ब्रेक दाबला की करकर ऐकू येऊ लागली. गाडी चालवणारा आमच्याच एका ताईंचा मुलगा. तो म्हणाला, “मावशी, पुढचे पॅड संपलेत.” हिशोबाची वही माझ्याकडे. मी म्हटलं, “दिवाळीचा माल जाऊ दे, मग बघू.”

दिवाळीच्या तोंडावर भरल्या गाडीत आम्ही तिघी होतो. अर्ध्या घाटात ब्रेकचं पॅडल खोल जायला लागलं. पोराने डोकं शांत ठेवलं, गाडी खालच्या गिअरमध्ये घेतली, हँडब्रेक हळूहळू ओढला आणि कडेला थांबवली. कुणाला खरचटलंही नाही. पण त्याच्या आईच्या डोळ्याला डोळा द्यायला मला आठ दिवस लागले.

पैसेही वाचले नाहीत. पॅड झिजून लोखंड उघडं पडलं होतं आणि त्याने डिस्कवर चरे पाडले होते. पॅड, दोन्ही डिस्क आणि गाडी ओढून नेण्याचं भाडं, असं सगळं भरावं लागलं. वेळेत नुसते पॅड बदलले असते तर त्याच्या चौथ्या हिश्श्यात भागलं असतं.

म्हणून या खुणा लक्षात ठेवा. ब्रेक दाबल्यावर बारीक किंचाळल्यासारखा आवाज आला, तर पॅड संपत आलेत. खरखर घासल्याचा आवाज आला, तर लोखंड लोखंडाला लागतंय; गाडी पुढे नेऊच नका. पॅडल मऊ लागणं, खोल जाणं, गाडी एका बाजूला ओढणं, ब्रेक ऑइल कमी होणं, यातलं काहीही दिसलं तर लगेच गॅरेज गाठा. ऑइल वरून ओतलं म्हणजे काम झालं असं नाही. ते कमी का झालं, हे बघायला हवं.

आवाज नसला तरी दर सर्व्हिसिंगला चाक काढून पॅड दाखवायला सांगा. एक रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवा. पॅडचा थर तेवढा, म्हणजे साधारण ३ मिलिमीटर उरला, की बदला. बऱ्याच गाड्यांना मागे ड्रम असतो. त्यातले लायनरही बघायला सांगा.

आता खर्चाचं. दोन-तीन ठिकाणी भाव विचारा. सामानाचे किती आणि मजुरीचे किती, हे वेगळं लिहून घ्या. सामान पॅकबंद आणि बिलासकट घ्या. रस्त्यावरचा स्वस्त नकली माल घाटात महाग पडतो. पॅड एकाच चाकाचे बदलू नका, समोरासमोरच्या दोन्ही चाकांचे एकदम बदला. डिस्क बदला असं मेकॅनिक म्हणाला तर आधी जाडी मोजायला लावा. किमान जाडी बहुतेक डिस्कवरच कोरलेली असते. जुने पॅड परत मागा. ब्रेक ऑइल साधारण दोन वर्षांनी बदलून घ्या.

काम झाल्यावर गाडी हलवण्याआधी पॅडल घट्ट लागेपर्यंत दाबून बघायला सांगा. पहिले काही दिवस करकचून ब्रेक मारायचा नाही. आणि घाट उतरताना गाडी न्यूट्रलला टाकून पेट्रोल वाचवायचं नाही. खालच्या गिअरमध्ये उतरलं की ब्रेक तापत नाहीत आणि पॅडही जास्त टिकतात.

आमच्या गटाच्या वहीत आता ‘गाडी दुरुस्ती’ असा वेगळा रकाना आहे. प्रत्येक खेपेच्या कमाईतून थोडे पैसे आधी तिथे जातात, मग वाटणी होते. आणि ड्रायव्हरने ब्रेकची तक्रार केली, तर ‘नंतर बघू’ म्हणायचा अधिकार कुणालाच नाही. मलासुद्धा नाही.

तुमच्या गटाची गाडी असेल, किंवा तुम्ही रोज भाड्याच्या जीपने बाजाराला जात असाल, तर उद्या एवढंच विचारा: “दादा, ब्रेक शेवटचे कधी बघितले?”