एका जुन्या गिटारीची खरेदी

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता वांद्र्याच्या एका जुन्या घरात मी दंतवैद्याचा लहानसा आरसा आणि एक विजेरी घेऊन जमिनीवर बसलो होतो. समोर सतरंजीवर एक गिटार उताणी ठेवलेली होती, आणि तिच्या पोटात काय लिहिले आहे ते मी वाचू पाहत होतो. घरच्या बाई माझ्याकडे काहीशा कुतूहलाने आणि काहीशा संशयाने पाहत होत्या. वाद्य विकत घ्यावयास आलेला माणूस ते वाजवून पाहील अशी त्यांची अपेक्षा; आणि मी तर अजून तारेला बोटही लावले नव्हते.

ही गिटार विजेची खरी, पण आतून पोकळ. या जातीची हकीकत थोडक्यात सांगावयास हवी. आपल्याकडे पुष्कळ वर्षे गिटार म्हटली म्हणजे मांडीवर आडवी घेऊन पोलादी कांडीने वाजवावयाची हवायन गिटारच लोकांच्या डोळ्यांपुढे येत असे. विजेची जोड प्रथम मिळाली तीही तिलाच. लॉस एंजेलिस येथे तयार झालेली, दिसावयास हुबेहूब तळण्याच्या तव्यासारखी असलेली रिकनबॅकरची गिटार १९३२ साली बाजारात आली. उरावर धरून, पडद्यांवर बोटे दाबून वाजवावयाच्या गिटारीला अमेरिकेतील कारागीर ‘स्पॅनिश’ म्हणत. मिशिगन राज्यातील कॅलमझू गावच्या गिब्सन कंपनीने १९३६ साली विजेची स्पॅनिश गिटार काढली आणि तिला ‘ईएस-१५०’ असे रुक्ष नाव दिले. त्यातला दीडशेचा आकडा किमतीचा होता. दीडशे डॉलरांत गिटार, ध्वनिवर्धक आणि दोहोंना जोडणारी तार असे सारे मिळे.

या खटाटोपाचे कारण अगदी साधे होते. त्या काळच्या नृत्यसंगीताच्या वाद्यवृंदांत गिटारवाला ऐकूच येत नसे. पितळी वाद्यांची रांग आणि त्यामागे ढोल. या गर्दीत बिचाऱ्याने ताल धरून बसावे, एवढीच त्याची योग्यता. १९३९ साली चार्ली ख्रिश्चन नावाचा, ओक्लाहोमा शहरात वाढलेला कृष्णवर्णीय तरुण बेनी गुडमन यांच्या संचात आला. त्याच्या हातात हीच ईएस-१५० होती. सॅक्सोफोनवाल्याने जसा एक एक स्वर गुंफीत मजल दरमजल जावे, तसा तो गिटारीवर जाऊ लागला, आणि तो ऐकू येऊ लागला. १९४२ साली क्षयाने तो वारला तेव्हा त्याचे वय अवघे पंचवीस होते. गुडमनच्या संचातले त्याचे वादन जेमतेम दोन वर्षांचे. पण जॅझमध्ये गिटारीला स्वतंत्र बोलण्याचा अधिकार मिळाला तो तेथून.

आता पोकळपणाविषयी. त्या कारागिरांनी नवे वाद्य असे बनविलेच नव्हते. व्हायोलिनसारख्या ‘एफ’ आकाराच्या खाचा असलेली, पुढून-मागून फुगीर अशी जी गिटार ते आधीपासून करीत होते, तिच्याच तारांखाली त्यांनी लोहचुंबक आणि तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे बसविले. हे वेटोळे लाकडाचा आवाज ऐकत नाही. पोलादी तारेची हालचाल तेवढी त्याला कळते. मग पोकळ पेटीचा उपयोग काय, असे कोणी विचारील. उपयोग असा की, छेडलेल्या तारेचे बळ घोडीमधून त्या पातळ तक्त्यात उतरते, तक्ता थरथरतो, आणि तार लवकर दमते. स्वर उठतो ठसठशीत, गोल. आणि रेंगाळत न बसता विरतो. भरीव गिटारीचा स्वर लांबतच राहतो. सरोदाचा ठोका ज्यांच्या कानांत आहे, त्यांना मी काय म्हणतो ते चटकन उमजेल.

मात्र याच गुणाने या वाद्याचा घात केला. ध्वनिवर्धक मोठे होत गेले तसा त्यांचा आवाज परत येऊन त्या तक्त्याला हलवू लागला, तक्ता तारेला, तार ध्वनिवर्धकाला. आणि या फेऱ्यातून एक असा हंबरडा फुटे की श्रोत्यांनी कानांवर हात ठेवावेत. १९५० नंतर फेंडरची भरीव फळीची गिटार आणि १९५२ पासून खुद्द गिब्सनची ‘लेस पॉल’ यांनी हा प्रश्न मुळातूनच मिटविला. १९५८ च्या ‘ईएस-३३५’ मध्ये पोटात मधोमध मेपलचा ठोकळा भरून मध्यममार्ग काढण्यात आला. तरीही बी. बी. किंग आपल्या गिटारीच्या खाचांत कापड कोंबीत असत. १९८० साली गिब्सनने त्यांची खास गिटार काढली ती खाचांवाचूनच.

वांद्र्याची गिटार होती ‘ईएस-१२५’. ही महायुद्धानंतरच्या काळातली, शिकाऊ आणि बेताच्या पैशांच्या वादकांसाठी केलेली. दांडीजवळ एकच वेटोळे, आवाजाचे एक बटन, सुराचा पोत बदलण्याचे एक. शिंपल्याचे नक्षीकाम नाही, सोन्याचा मुलामा नाही. तिचा तक्ता अखंड लाकडातून कोरलेला नसून मेपलचे पापुद्रे एकमेकांस चिकटवून दाबलेला असतो, म्हणून रसिक मंडळी नाक मुरडतात. मला ते नाक मुरडणे पटत नाही. असा तक्ता हंबरतो कमी आणि दमट हवेत तडकतही नाही. मुंबईत इतकी वर्षे काढावयाची असली तर याहून मोठा गुण कोणता?

आरशातून मला दिसले ते ‘डब्ल्यू’ हे अक्षर आणि त्यापुढचे काही आकडे. १९५२ साली ‘झेड’पासून आरंभ करून गिब्सनने कारखान्याच्या शिक्क्यात वर्णमाला उलटी मोजली, १९६१ साली ती ‘क्यू’पाशी थांबली. म्हणजे ही गिटार १९५५ ची. आवाजाच्या बटनाखालच्या भागावरही आकडे होते, आणि त्यातून निघणारे साल या शिक्क्याशी जुळत होते. मग मी दांडी डोळ्यासमोर धरून तिचा बाक पाहिला. खुंट्यांचे डोके जेथे मागे कलते तेथे या गिटारी पडल्या की हमखास मोडतात. तेथे बोट फिरवून पाहिले. सांधा शाबूत होता. खुंट्या मात्र बदललेल्या होत्या. जुन्या खुंट्यांच्या कळ्या प्लास्टिकच्या असत आणि कालांतराने आक्रसून त्यांचा भुगा होई, त्यामुळे त्याचा दोष कोणाला देता येत नाही. खालच्या कडेला सरस सुटून नखभर फट पडली होती. उजवा हात टेकतो तेथले रोगण घासून लाकूड उघडे पडले होते, आणि उरलेल्या रोगणावर बारीक चिरांचे जाळे पसरले होते.

या चिरांविषयी नवख्या खरेदीदाराला सांगावेसे वाटते की, त्यांना हात लावू नका. माझ्या तरुणपणी मी एक जुनी गिटार एका दुकानात दुरुस्तीस दिली होती. ती नव्या लाकडी कपाटासारखी झगझगीत होऊन परत आली. नवे रोगण जाड असते, तक्त्याला जखडून टाकते. आणि जाणत्यांच्या बाजारात अशा वाद्याची किंमत निम्म्यावर येते. त्या दुकानदाराने मजुरी मात्र पुरती घेतली.

बाईंनी किंमत सांगितली पस्तीस हजार. त्यांचे वडील गोव्याचे. मुंबईच्या सिनेसंगीताच्या वाद्यवृंदांत आणि त्याआधी बोटींवर वाजवीत, आणि ही गिटार त्यांनी कोठल्याशा बंदरात जुनीच घेतली होती. ते गेल्यावर ती कपाटावर पडून होती. कोणा व्यापाऱ्याने तीस हजार देऊ केले होते, बाईंनी आपल्या मनाने पाच चढविले होते. अमेरिकेत असे वाद्य दोन हजार डॉलरांच्या आसपास जाते, म्हणजे आपले पावणेदोन लाख, हे मला ठाऊक होते. मी म्हणालो, “रविवारी येतो.”

ते चार दिवस मी स्वतःशी पुष्कळ युक्तिवाद केला. किंमत त्यांनी सांगितली होती, मी पाडून मागितलेली नव्हती. माहिती मिळवावयास मी वर्षे घालविली होती, त्याचे मोल मला मिळू नये काय? शिवाय तो व्यापारी काही त्यांना सत्य सांगणार नव्हता. हे सारे मुद्दे कार्यालयीन टिपणात शोभण्यासारखे होते, आणि त्यांतला एकही मला रात्री उपयोगी पडला नाही. आरशात त्या कारखान्यातल्या कोणा कामगाराने मारलेला शिक्का मी वाचला होता. आणि त्या शिक्क्याचा अर्थ त्या घरात मी सोडून कोणालाच कळत नव्हता.

रविवारी गेलो आणि आकडा सांगून टाकला. बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “हे तुम्ही बुधवारी का नाही सांगितलंत?”

मला उत्तर सुचले नाही. आजही सुचत नाही.

परदेशातल्या भावाला विचारून सांगते, असे त्या म्हणाल्या. तीन आठवडे काहीच निरोप आला नाही, आणि गिटार गेली असे मी धरून चाललो. मग दूरध्वनी आला. खुंट्या बदललेल्या, कड सुटलेली, हे ध्यानात घेऊन एक लाख साठ हजारांवर सौदा ठरला. परदेशातून मागविली असती तर निराळी यातायात होती. तिची बोटे दाबावयाची पट्टी ब्राझीलच्या शिसवीची आहे, आणि ते झाड १९९२ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या कडक बंधनाखाली असल्यामुळे सरहद्द ओलांडताना कागदपत्रे लागतात. पुढे त्या शिसवीची जागा पुष्कळशी आपल्याकडच्या शिसवीने घेतली, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

रक्कम माझ्या दोन महिन्यांच्या मूळ वेतनाहून अधिक होती. अशा जंगम मालमत्तेची खबर १९६४ च्या वर्तणूक नियमांतील अठराव्या नियमाप्रमाणे महिन्याच्या आत द्यावी लागते. वर्णनाच्या रकान्यात मी ‘एक जुनी गिटार, पोकळ’ असे लिहिले. कार्यालयातून पृच्छा आली, पोकळ म्हणजे सदोष काय? सदोष वस्तूला एवढी किंमत का, हा त्यामागचा रास्त प्रश्न. मी लेखी खुलासा दिला.

कडेची फट सरसानेच भरून घेतली. आजकालचा चिकटा वापरू दिला नाही. तारा पोलादी, पण चपट्या वेढ्यांच्या लावल्या. एकच वेटोळे असल्यामुळे ही गिटार घरातल्या विजेची घरघर उचलते, आणि नळीचा दिवा लागलेला असला तर विशेष. पुढे वेटोळ्यांची जोडी उलटसुलट बसवून ही घरघर मारण्याची युक्ती निघाली आणि १९५७ पासून गिब्सनने ती वापरली. माझी दोन वर्षे आधीची. मात्र वादकाने बसण्याची दिशा बदलली की घरघर कमीजास्त होते. आमच्या दिवाणखान्यात ती सर्वांत कमी होते ती मी भिंतीकडे तोंड करून बसलो असता. तेव्हा मी तसाच बसून वाजवितो, आणि घरच्यांची त्याबद्दल काही तक्रार नाही.