स्वस्त प्रोसेसर आणि वऱ्हाडचा उन्हाळा



आज ज्या विषयावर मी बोलणार आहें, त्याचें नांव इंग्रजी आहे: ओव्हरक्लॉकिंग. संगणकाचा प्रोसेसर कारखान्यानें नेमून दिलेल्या वेगाहून अधिक वेगानें चालविणें, एवढाच त्याचा अर्थ. थोड्या पैशांत संगणक घेणाऱ्या तरुणांना या प्रयोगाचा मोह होतो, आणि त्याविषयीं घरोघर दोन टोकांचीं मतें ऐकूं येतात. वडील माणसें म्हणतात, हा यंत्राशीं पोरखेळ आहे. तरुण म्हणतात, हा फुकटचा लाभ आहे. माझ्या मतें दोन्ही पक्षांचें म्हणणें अर्धेंच खरें. लाभ होतो, यांत शंका नाहीं. परंतु तो फुकट मिळत नाहीं, आणि अमरावती-अकोल्याकडे त्याची किंमत पुण्यामुंबईपेक्षां अधिक पडते. ती कां पडते, तें आज सांगावयाचें आहे.

प्रोसेसरच्या आंत असंख्य सूक्ष्म विद्युत्-कळा असतात व त्या सर्व एका ठेक्यावर काम करतात. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचें नांव ज्यांस ठाऊक आहे, त्यांनीं लेझीमहि पाहिलीच असेल. ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला प्रत्येक मुलाचें पाऊल पुरें पडावें लागतें. ठोका जलद केला कीं खेळ जलद होतो; पण एका मर्यादेनंतर कांहीं मुलांचें पाऊल टेकण्यापूर्वींच दुसरा ठोका येतो. अशा वेळीं खेळ लगेच थांबत नाहीं. तो आधीं चुकूं लागतो. चूक आधीं आणि थांबणें मागाहून, हा क्रम श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावा. ठोक्यांचें माप मेगाहर्ट्झ. एक मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदास दहा लक्ष ठोके.

आतां, कारखान्यानें ठरविलेल्या वेगाच्या वर जागा उरते तरी कशी? शेंकडों चिपा सिलिकॉनच्या एकाच चकतीवर तयार होतात, पण त्या सर्व सारख्या उतरत नाहींत. म्हणून प्रत्येकीची परीक्षा होते, आणि जेथवर ती निर्दोष चालते त्याच्या कांहींसा खालचा वेग तिच्यावर नोंदला जातो. शिवाय बाजारांत स्वस्त मालाला मागणी अधिक असली, तर उत्तम चिपेवरहि हलका शिक्का बसतो. कापूस घेऊन खरेदी केंद्रावर तिष्ठत बसलेल्या वऱ्हाडी शेतकऱ्यास ही प्रतवारी समजावून सांगण्याचें कारण नाहीं. फरक इतकाच कीं, चांगल्या कापसाला खालची प्रत लागली तर शेतकरी बुडतो. चांगल्या चिपेला खालची प्रत लागली तर गिऱ्हाइकाचें फावतें.

याचें सर्वांत गाजलेलें उदाहरण १९९८ सालचें. त्या वर्षीं ऑगस्टमध्यें इंटेल कंपनीनें सेलेरॉन ३०० ए हा हलक्या किंमतीचा प्रोसेसर बाजारांत आणला. किंमत सुमारें दीडशें डॉलर. त्याच सुमारास निघालेल्या ४५० मेगाहर्ट्झच्या पेंटियम टू ची किंमत सहाशें डॉलरांच्या वर होती. सेलेरॉनचा गुणक साडेचार असा कायमचा बांधलेला. मदरबोर्डाचा मूळ ठोका ६६ आणि दोन तृतीयांश. गुणाकार करून पाहा, ३०० येतात. आतां मूळ ठोका १०० केला, तर साडेचारपट ४५० होतात! कित्येक मदरबोर्डांवर ही निवड नुसत्या कळफलकावरून करतां येई. जेथें येत नसे, तेथें लोकांनीं प्रोसेसरच्या पट्टीवरील बी-२१ या टोंकावर चिकटपट्टी लावली, आणि मदरबोर्डानें शंभरचा ठोका स्वीकारला. प्रोसेसरच्या आंतच १२८ किलोबाइटांची जलद स्मृति असल्यामुळें कित्येक कामांत हा स्वस्त गडी त्या महागड्या पेंटियमच्या खांद्याला खांदा लावून चाले.

पण यांतहि एक हिशेब होता. हार्ड डिस्क वगैरे इतर अवयवांना त्या वेळीं ३३ मेगाहर्ट्झचा ठोका लागे, व तो मूळ ठोक्यास भागून मिळे: ६६ ला दोननें भागावें, १०० ला तीननें, दोन्ही वेळां उत्तर ३३. ज्यांनीं भीतभीत मधला ८३ चा मार्ग धरला, त्यांच्याकडे दोननें भागून साडेएकेचाळीस आले, आणि प्रोसेसर ठणठणीत राहूनहि डिस्कवरील मजकूर बिघडण्याचा धोका आला. अर्धवट धाडस पुऱ्या धाडसाहून घातक ठरण्याचा हा प्रकार मला मोठा मौजेचा वाटतो.

आतां उष्णतेकडे वळूं. चिपेंत निर्माण होणारी उष्णता वेगाच्या प्रमाणांत वाढते, आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. सेलेरॉनचें व्होल्टेज दोन. वेग दीडपट केला तर उष्णता दीडपट. तेवढ्यानें यंत्र स्थिर होईना म्हणून व्होल्टेज २.२ केलें, तर १.१ चा वर्ग १.२१, गुणिले दीड. म्हणजे उष्णता पावणेदोनपटीहून अधिक, सुमारें १.८ पट. वेग मात्र दीडपटच राहिला.

पंखा कितीहि मोठा लावला, तरी तो चिपेला खोलीतील हवेहून थंड करूं शकत नाहीं. समजा, नेमल्या वेगानें काम करतांना चिप खोलीच्या हवेहून ३५ अंश अधिक तापते. पुण्याच्या हिवाळ्यांत खोली २२ अंश धरूं. चिप ५७ वर राहील. वेग दीडपट केल्यास ही वाढ सुमारें ५२ होईल व चिप ७४ वर जाईल. सेलेरॉनची मर्यादा ८५ अंशांची. तेव्हां काम निभावलें. हाच प्रयोग अकोल्यास मे महिन्यांत करा. बाहेर पारा ४५ च्या वर गेलेला, पत्र्याखालच्या खोलींत ४२. त्यांत ५२ मिळवा: ९४! आणि व्होल्टेज वाढविलें असेल, तर १०५. कारखान्यानें जी जागा राखून ठेवली होती, तिच्यांतील वीस अंश आपल्या उन्हाळ्यानें आधींच खर्च केलेले असतात. तरुण मंडळी प्रयोगाचीं वर्णनें थंड मुलखांतल्या लोकांचीं वाचतात आणि ही वजाबाकी करीत नाहींत.

कोणी म्हणेल, आम्ही कूलर लावतों. मे महिन्याच्या कोरड्या हवेंत वाळ्याचा कूलर खोली खरोखरच निववितो, हें मान्य. परंतु वीज गेली कीं इन्व्हर्टरवर संगणक चालतो, कूलर बहुधा चालत नाहीं. आणि मृग लागून हवा दमट झाली कीं त्याचा उपयोग संपतो. त्यांत जिनिंगच्या आसपास कापसाची तूस उडते ती निराळीच. पंखा आणि त्याखालच्या पत्र्या दोन-चार महिन्यांत बुजून जातात.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची हकीकत सांगतों. अकोल्यास एका लहानशा पतसंस्थेचे हिशेब तो आपल्या घरच्या संगणकावर ठेवीत असे. दिवाळीच्या सुमारास त्यानें सेलेरॉन ४५० वर चढविला. रात्रभर चालवून पाहिला. कांहीं बिघडलें नाहीं. पुढें वैशाखांत एका दुपारीं हिशेबाची राखून ठेवलेली संकुचित प्रत उघडेना. आंतील ताळ्याचा आंकडा जुळत नाहीं, असें यंत्रानें सांगितलें. त्या प्रतीला ताळ्याचा आंकडा होता म्हणून चूक उघडी पडली. ज्या इतर खात्यांना असा आंकडा नव्हता, त्यांचें काय? संस्थेची कागदी खतावणी शाबूत होती. ती घेऊन तो नि त्याची बहीण चार रात्री एकेक रक्कम ताडून पाहत बसले. बावीस ठिकाणीं फरक निघाला. ठेवीदारांत मोलमजुरी करणाऱ्या बायका होत्या. त्यांच्या शंभर-दोनशें रुपयांचा साक्षीदार शेवटीं कागदच ठरला. यंत्र एकदांहि बंद पडलें नव्हतें.

अलीकडे मामला पालटला आहे. इंटेलनें स्वस्त प्रोसेसरांचे गुणक बहुतेक बांधूनच टाकले. २०१४ सालचा पेंटियम जी ३२५८ हा त्याला मोठा अपवाद. एएमडीच्या रायझन मालिकेंत मात्र अनेकांचे गुणक मोकळे असतात. शिवाय हल्लींचे प्रोसेसर थंड असतांना आपण होऊन वेग वाढवितात व तापल्यावर उतरवितात, त्यामुळें माणसानें काढून घ्यावी अशी जागा पूर्वींइतकी उरलेली नाहीं.

आणि लहान प्रोसेसरकडून मोठें काम घेण्याचा हाच एक मार्ग आहे असेंहि नाहीं. मूर्तिजापूर तालुक्यांतील मुरंबा या गांवीं १९४६ सालीं जन्मलेले डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं पुण्याच्या सी-डॅक संस्थेनें १९९१ सालीं परम ८००० हा महासंगणक सिद्ध केला. त्यांत ट्रान्सप्यूटर नांवाचे ६४ लहान प्रोसेसर एकत्र जोडले होते. एकट्यालाच पळवीत न सुटतां ओझें वांटून दिलें.

तरीहि ज्यास ओव्हरक्लॉकिंग करावयाचेंच आहे, त्यानें तें अशा संगणकावर करावें कीं ज्यावर दुसऱ्या कोणाचा हिशेब नाहीं. वेग एकेक पायरीनें वाढवावा, व्होल्टेजला शक्यतों हात लावूं नये. मूळसंख्या शोधणारा प्राइम ९५ हा प्रोग्रॅम कसोटीस उत्तम. त्याचीं उत्तरें आधींच ठाऊक असतात, म्हणून चूक तत्काळ कळते. ही कसोटी मात्र दिवाळींत घेऊं नये. मे महिन्यांत, दुपारीं दोन वाजतां, कूलर बंद ठेवून घ्यावी, आणि तीन-चार तास चालूं द्यावी. एक जरी चूक दिसली, तरी दोन पायऱ्या खालीं यावें, पंख्यावरची तूस झाडावी, आणि दुसऱ्या दिवशीं त्याच वेळीं पुन्हां आरंभ करावा.